डोकं कुणी धरायचं

नाना, आज वसुबारस. सकाळी दारात गाय-वासराची रांगोळी काढली आणि गाईचे पाय नेहमीसारखे हरणाचे झाले. आई असती तर म्हणाली असती, जन्मभर गाईंच्या पोटात हात घालतेस आणि चार पाय धड काढता येत नाहीत मेले. दूध-तूप आज बंद, म्हणून कोरा चहा घेऊन बसले आहे. तुमच्या नातीचा मघाशी पुण्याहून फोन आला होता. तिला म्हटलं, नानांना पत्र लिहितेय, तर म्हणते, "मम्मी, नाना को चिट्ठी? पहुँचाएगा कौन?" मराठी सगळं कळतं तिला, पण तोंडातून हिंदीच येतं. तिचे तुम्ही हिंदीतले नाना, म्हणजे आईचे वडील, आणि माझे आपल्या घरातले नाना. लहानपणी इकडे सिव्हिल लाइन्समधल्या हिंदी मुली मला विचारायच्या की तू बापाला आजोबा का म्हणतेस, आणि मी कमरेवर हात ठेवून भांडायचे. तिला काय सांगू की हे कुठे पाठवायचंच नाही, म्हणूनच तर लिहिता येतंय.

बोलायचं आहे ते गुरांच्या जंतांबद्दल. हसू नका. तुमचं माझं बोलणं जंत, लाळ-खुरकूत आणि अडलेल्या म्हशी यांच्यापलीकडे गेलं कधी? आईशी मी साड्यांबद्दल बोलायचे, सासरबद्दल रडायचे, आणि तुम्ही आलात की आम्ही दोघी गप्प व्हायचो आणि तुम्ही विचारायचात, "मग, त्या गाईचा वार पडला का?" मला राग यायचा त्याचा. आता मी तुमच्याच मोठ गावातल्या गुरांच्या दवाखान्यात तुमच्याच खुर्चीत बसते, निंबाचं झाडही तेच आहे, आणि परवा स्वतःच्या मुलीला नोकरीचं काही विचारायचं सोडून मी गोचिडांबद्दल सांगत बसले. रक्तच तसं, दुसरं काय.

तुमचं औषध पाजायचं नळकांडं अजून माझ्याकडे आहे. हातभर बांबू, एका टोकाला गाठ, दुसरं तोंड तिरकं कापलेलं, आणि ते तोंड तुम्ही दगडावर घासून घासून इतकं गुळगुळीत केलेलं की गाईच्या टाळूला ओरखडा येऊ नये. ते स्वयंपाकघरात झारा आणि उलथन्याच्या रांगेत खिळ्याला टांगलेलं असायचं, धुराने बांबूला कीड लागत नाही म्हणून. आई करवादायची, "अहो, हे गुरांच्या थुंकीचं माझ्या चुलीपाशी नको." तुम्ही जेवता जेवता म्हणायचात, "गोमूत्र शिंपडतेस ते चालतं, थुंकीनं तेवढी चूल बाटते होय?" आई म्हणायची, तुमच्या तोंडी कोण लागणार. पण नळकांडं उकळायला जुनं पातेलं तिनेच वेगळं काढून ठेवलं होतं, आणि उन्हाळ्यात बांबू तडकू नये म्हणून मोहरीचं तेलही तीच चोळायची. तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही, मला कधी कळलं नाही.

कॉलेजच्या सुटीत पहिल्यांदा तुम्ही ते माझ्या हातात दिलंत तो दिवस आठवतो. निंबाखाली एक लाल गाय उभी आहे, तिचा मालक शिंगाला धरून उभा आहे, आणि आजूबाजूला दहा-पंधरा माणसं डॉक्टरसाहेबांची पोरगी काय करते ते बघायला जमली आहेत. मी ऐटीत गाईचं तोंड वर केलं, चांगलं आभाळाकडे, की औषध सरळ घशात जावं. तुम्ही माझ्या हातावर फटकन मारलंत. सगळ्यांसमोर. "नाक डोळ्यांच्या रेषेत! त्याच्या वर गेलं की औषध पोटात जात नाही, फुफ्फुसात जातं. मग तू औषध नाही पाजलंस, मरण पाजलंस." मी निंबाच्या मागे जाऊन रडले. समजूत घालायला तुम्ही काही आला नाहीत. दुपारी जेवताना मात्र न बोलता स्वतःच्या ताटातली लिंबाच्या लोणच्याची फोड उचलून माझ्या ताटात टाकलीत. तुमची माफी मागायची तऱ्हा ती, तेवढीच.

तुमचा दुसरा नियम मला तेव्हा निव्वळ हेका वाटायचा. गाईचं डोकं तिच्या माणसानंच धरायचं. एकदा मोठमधल्या एका बड्या असामीने नोकराबरोबर गाय पाठवली होती. तुम्ही हात लावला नाहीत. "जिसकी गाय है, वो आए." नोकर बिचारा हात जोडून उभा, गाय उन्हात तिष्ठत, आणि तुम्ही आपले टेबलाशी कागद चाळताय. शेवटी दिवस कलल्यावर तो माणूस शिव्या देत आला, पांढऱ्या सदऱ्यानिशी गाईच्या गळ्याला विळखा घालून उभा राहिला, आणि गाय जी थरथरत होती ती त्याच्या काखेत नाक खुपसून गप्प झाली. परतताना जीपमध्ये तुम्ही म्हणालात, "गोळी की पातळ औषध की सुई, ते मागाहून ठरतं. आधी डोकं कुणी धरायचं ते ठरव." पहिल्या नेमणुकीवर निघाले तेव्हा ते नळकांडं आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून दिलंत. आशीर्वाद वगैरे काही नाही. "तोंड घासून ठेवत जा," इतकंच.

आता ऐका. एरचच्या रस्त्याला एका गावात गोशाळा आहे, ती माझ्याकडे आहे. गोशाळा म्हणजे काय, भोवती तारा, वर थोडा पत्रा, आणि आत अन्ना गुरं. तुमच्या वेळी चैतात कापणी झाली की लोक गुरं मोकळी सोडायचे, उन्हाळाभर ती वाटेल तिथे चरायची, आणि पेरणीच्या आधी जो तो आपापलं जनावर हाक मारून घरी न्यायचा. ती अन्ना सोडायची रीत होती. आता सोडतात ते सोडतातच. दूध आटलं, बैलाचं काम ट्रॅक्टरने नेलं, की काढ बाहेर. कानात ओळखीचा पिवळा बिल्ला असतो, त्यावरून मालक सापडेल म्हणून तो आधी कापून काढतात. आमच्या गोशाळेत धड कानाची गाय शोधावी लागते. कुणाचा कान अर्धा, कुणाचा चिरलेला, आणि वर लोक हात जोडून म्हणतात, गऊ माता.

पावसाळ्यानंतर गेले तर गाईंच्या जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबत होत्या. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. तुम्ही लांबूनच ओळखलं असतंत. नदीकाठचं दलदलीतलं गवत, त्यावर गोगलगायी, आणि त्यांच्यातून पोटात गेलेले ते पानासारखे चपटे कृमी, यकृत पोखरणारे. शेण तपासलं, तेच निघालं. म्हणजे रोग समजला, औषध समजलं, दवाखान्यात ते पातळ औषध होतंही. पंचाईत होती ती द्यायचं कसं याची.

गावचे प्रधानजी, म्हणजे इकडचे सरपंच, म्हणाले, "मैडम, चूनी में मिला दो. सब खा लेंगी. गऊ माता के मुँह में जबरदस्ती ठीक नहीं लगती." गेल्या वर्षी त्यांनी तसंच, डाळीच्या चुणीत कालवून, दिलं होतं. दणकट शिंगवाल्यांनी सगळी घमेली फस्त केली आणि ज्यांना उभं राहायला बळ नाही त्या मागे राहिल्या. म्हणजे औषध गेलं त्यांच्या पोटात, ज्या त्याच्याशिवायही जगल्या असत्या. माझा तरुण सहायक म्हणाला, सुई टोचू, पटापट होईल. सुई भरपूर आहे आमच्याकडे, पाठीवर ओतायचं औषधही मागवता येतं, आणि दोन्हींना कुणाचं डोकं धरावं लागत नाही. पण ती दोन्ही गोल जंतांना मारतात. या चपट्यांना त्यांनी काही होत नाही, आणि ज्या सुईने होतं ती आमच्याकडे येत नाही. टोचून आले असते तर काम झाल्याचं समाधान सगळ्यांना मिळालं असतं आणि गाई तशाच मेल्या असत्या. राहिलं काय, तर तुमचं नळकांडं. एकेक गाय, एकेक घसा. आणि प्रत्येकीच्या डोक्याशी एक माणूस.

मी गावात निरोप दिला, ज्याने त्याने आपली गाय ओळखावी आणि घटकाभर येऊन डोकं धरावं, दंड नाही, विचारपूस नाही. प्रधानजी हसले. "मैडम, कौन आएगा? जो पकड़ेगा वो चोर." खरंच कुणी आलं नाही. तारेपलीकडे उभे राहून बघत होते मात्र सगळे. एक गाय एका बाईकडे बघून हंबरायला लागली, तशी ती बाई पदर ओढून चालती झाली. मला इतका संताप आला नाना, की तुमच्यासारखं ओरडावंसं वाटलं, जिसकी गाय है वो आए. कुणाला उद्देशून ओरडणार? तुमच्या वेळी गाईला मालक होता म्हणून तुमचा नियम होता. इथे नुसता नियम शिल्लक आहे.

मग एक म्हातारा आला. मळकं धोतर, हातात काठी. तारेखालून वाकून आत शिरला, आणि एका करड्या गाईसमोर उभा राहिला. गाय अगदीच खंगलेली, जबड्याखाली भली मोठी पिशवी, डावा कान चिरलेला. "जा गैया हमाई आय," म्हणाला, आणि मग कानाला हात लावून, "जौ हमईं नें काटो तो." हा कान मीच कापला, असं सरळ, सगळ्या गावासमोर. गाईने त्याच्या हाताचा वास घेतला आणि त्याच्या कोपराला कपाळ घासलं. प्रधानजींची मान खाली गेली. मला वाटलं, चला, एक आला, आता दुसरे येतील. दोघं तर तारेपर्यंत आलेही होते, चपला काढून.

मी औषध भरलं. म्हाताऱ्याने गाईचा जबडा दोन्ही हातांनी धरला, आणि वर केला. म्हटलं, "नीचे दद्दा, नीचे." त्याने खाली घेतला. मी ओतायला सुरुवात केली आणि त्याचा हात पुन्हा वर गेला, अगदी हळू, तिच्या डोळ्यांत बघत. मी पुन्हा ओरडले, तोवर तिला ठसका लागला. तो घाबरला, म्हणाला, "बिटिया, हमने तौ ऐसेई सीखो. अपनी घरवाई खों अंत समै गंगाजल ऐसेई पिआओ तो." त्याच्या लेखी औषध म्हणजे मरत्या बायकोला पाजलेल्या गंगाजलासारखंच होतं, तोंड वर करायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. रागवायचं कुणाला? पाजणारा हात माझा होता, थांबायला मला अर्धा श्वास उशीर झाला, आणि एवढंसं औषध जिथे जायला नको तिथे गेलं.

तिला ताप चढला. मी प्रतिजैविकं दिली, रोज जात राहिले, म्हातारा तिथेच तिच्याशेजारी गोणपाटावर बसून असायचा, घरून भाकरी आणून तिला चारू बघायचा. दोन-तीन दिवसांत ती गेली. मी तिला तिथेच उघडली. फुफ्फुसं बघितली आणि मला जे कळायचं ते कळलं. मग यकृत उघडलं, तर ते दगडासारखं घट्ट, आणि नळ्यांतून ते कृमी ओल्या पानांसारखे बाहेर आले. म्हातारा मागे उभा होता. "बिटिया, सांची बताइयो. हमाए हाथन सें तौ नईं मरी?" मी यकृत त्याच्यापुढे धरलं. म्हटलं, "ये देखो दद्दा, इसने मारा." त्याने खूप वेळ पाहिलं आणि मान हलवली. फुफ्फुसं मी पोत्याखाली सारली होती. खोटं नाही बोलले, नाना. अर्धंच खरं बोलले. तारेशी आलेले ते दोघं मात्र चपला घालून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत, आणि तो म्हाताराही नाही.

मग मी ठरवलं. सहायकाला नळकांडं दिलं, त्याला तीनदा घासून दाखवायला लावलं, आणि म्हटलं, तू ओत, डोकं मी धरते. तो म्हणाला, मॅडम, डॉक्टर डोकं धरतो का कधी? म्हटलं, इथे धरतो. माझ्या गुडघ्यांची काय अवस्था झाली आहे ते विचारू नका, खांद्यावर शिंगाचा ओरखडा आहे, आणि एकीने पाय दिला त्याने अंगठ्याचं नख काळं पडलंय. पण धरलं की कळतं, तुम्ही का हेका धरायचात ते. गळ्याला विळखा घातला की तिचा श्वास आपल्या बरगड्यांत लागतो आणि ती कधी गिळणार ते हाताला आधीच समजतं. उभ्या होत्या त्या सगळ्यांना असं पाजून झालं. काहींच्या पिशव्या उतरू लागल्या आहेत. एवढं चांगलं सांगायला आहे, तेवढंच.

ज्या उठत नाहीत त्यांचं काय? आडव्या पडलेल्या गाईला घशातून काही द्यायचं नाही, हे तर तुमचंच. शिरेतून सलाईन लावते, दोन माणसं मिळाली तर उठवून बसवायला बघते. बऱ्याचशा तशाच जातात. म्हणजे पद्धत मी निवडली असं म्हणते खरं, पण निवडलं काय, तर कुणी जगायचं ते. चूनीत मिसळलं असतं तर दणकट वाचल्या असत्या, नळकांड्याने उभ्या वाचल्या, आणि पडलेल्या कुठल्याच पद्धतीत बसत नाहीत. तुम्ही असं कधी ठरवलं होतंत का? तुमच्या निंबाखाली एका वेळी एकच गाय असायची.

काल संध्याकाळी निघता निघता एक पांढरी गाय बघितली. डोळे आत गेलेले, मान टाकलेली, जीभ कोरडी ठाक. तिचं काही राहिलं नव्हतं, तासाभराचा प्रश्न. मी तिच्या डोक्याशी बसले, मान मांडीवर घेतली, आणि माझ्या बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या तोंडात सोडलं. तोंड वर करून, नाना. अगदी आभाळाकडे. त्या म्हाताऱ्यासारखं. अर्धं बाहेर सांडलं, अर्धं कुठे गेलं ते मी बघितलं नाही. ती मात्र चाटत राहिली, ओठ, माझी बोटं, जे ओलं होतं ते सगळं.

तिथे बसल्या बसल्या मला तुमचा शेवटचा दिवस आठवला. लकवा झाल्यापासून तुम्हाला गिळता येत नव्हतं आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, तोंडाने काही द्यायचं नाही. आत्या गंगाजलाचा गडू आणि तुळशीचं पान घेऊन आली होती. म्हणाली, "अगं, तोंड वर कर त्याचं, दोन थेंब घालू दे, माझा भाऊ आहे तो." मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, फुफ्फुसात जाईल, नानांनीच शिकवलंय मला. आत्या गडू तसाच घेऊन बाहेर गेली आणि मरेपर्यंत माझ्याशी नीट बोलली नाही. मी तुमची मान हातात धरली होती, नाक डोळ्यांच्या रेषेत, अगदी बरोबर, तुमचा श्वास थांबेपर्यंत. तुम्ही बघितलं असतंत तर चूक काढता आली नसती तुम्हाला, आणि इतकी वर्षं मला त्याचा अभिमान होता.

अजूनही मी म्हणेन, मी बरोबरच केलं. पण त्या दिवशी तुम्ही दोनदा जीभ बाहेर काढून ओठांवरून फिरवलीत. आत्याला ते दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं.